कपाटाच्या आतला फोटो

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्हीच्या वर नेल्सन मंडेला आहेत. ते पोस्टर कोणत्या बॅचने लावलं हे कोणालाच सांगता येत नाही. कोपरे पिवळे पडलेत, सेलोटेप दोनदा बदलली गेली, एकदा भिंतीला रंग मारला तेव्हा पेंटरने ते काढून पुन्हा जागेवर लावलं. त्या पोस्टरखाली बसून आम्ही मॅच बघतो, भांडतो, मेसच्या वरणाला नावं ठेवतो. पण हे पोस्टर लावणारा पोरगा कोणत्या जातीचा होता, असं आजवर कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मंडेला काय, सगळ्यांचेच!

याच हॉस्टेलमध्ये, माझ्याच खोलीत, आणखी एक फोटो होता. तो भिंतीवर नव्हता. माझ्या रूममेटच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. कपाट उघडलं की बाबासाहेब दिसायचे, बंद केलं की दिसेनासे व्हायचे. फर्स्ट इयरचे चार महिने मी त्याच्या बाजूच्या कॉटवर झोपलो आणि मला तो फोटो दिसला नाही. म्हणजे त्याने तो दिसू दिला नाही. एक दिवस टॉवेल काढताना दार उघडंच राहिलं आणि मी पाहिला. त्याने पटकन दार लावलं. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही.

एक महानेता भिंतीवर, दुसरा कपाटात. असं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मित्रांनो, एक गंमत सांगतो. १९९० साली भारत सरकारने भारतरत्न दिलं ते दोघांना. एक होते सत्तावीस वर्षं तुरुंगात काढून त्याच वर्षी बाहेर आलेले नेल्सन मंडेला. दुसरे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, म्हणजे मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. दोघंही वकील. माणसाला जन्मावरून खालचा ठरवणाऱ्या व्यवस्थेशी दोघांनीही उभा जन्म झुंज दिली. मग दूर आफ्रिकेतला क्रांतिकारक आपल्याला इतका सहज आपला वाटतो आणि आपल्याच गावात इतिहास घडवून गेलेला माणूस मात्र "त्यांचा" कसा होतो? मला वाटतं, दूरच्या क्रांतिकारकाचं काही देणं लागत नाही. जवळचा क्रांतिकारक हिशोब मागतो.

"आपल्याच गावात" असं मी उगीच म्हणत नाही. बाहेरून आलेल्या पोरांना नागपूर म्हणजे संत्री, तर्री पोहे आणि मे महिन्यातला जीव घेणारा उन्हाळा एवढंच ठाऊक असतं. पण १९२० साली बहिष्कृत समाजाची मोठी परिषद इथेच भरली होती, अध्यक्ष होते छत्रपती शाहू महाराज, आणि तरुण बाबासाहेब तिला हजर होते. जुलै १९४२ मध्ये मोहन पार्कच्या अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तीही इथेच. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, लस संस्थेजवळच्या मोकळ्या मैदानावर लाखो माणसांनी त्यांच्यासोबत बुद्धाचा धम्म स्वीकारला, तेही इथेच. त्यानंतर दोन महिनेही ते जगले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत गेले.

आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी त्या दिवसाचा अर्थ एवढाच, की दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते बंद असतात, ऑटोवाला दुप्पट मागतो आणि स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. माझ्यासाठीही एवढाच होता. खोटं कशाला बोलू?

आता आपल्या धंद्याची, म्हणजे इंजिनिअरिंगची गोष्ट. बाबासाहेब म्हटलं की आपल्याला घटना आठवते आणि आरक्षण आठवतं. मीही तिथेच थांबलो होतो. पण मोहन पार्कचं अधिवेशन झालं त्याच महिन्यात त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काम सुरू केलं आणि १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. त्या खात्याकडे फक्त कामगार नव्हते, वीज आणि पाटबंधारेही होते. युद्ध संपल्यावर देश कसा उभा करायचा याची आखणी त्या काळात चालली होती.

१९४३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी विजेच्या समितीपुढे भाषण केलं. त्यातला मुद्दा आजही कोणत्याही पॉवर सिस्टिम्सच्या पुस्तकात शोभेल असा आहे. वीज हवी ती नुसती असून चालणार नाही, स्वस्त हवी आणि मुबलक हवी. कारण विजेशिवाय कारखानदारी नाही, आणि कारखानदारीशिवाय जमिनीच्या तुकड्यावर कशीबशी जगणारी माणसं त्यातून सुटणार नाहीत. हा विचार त्यांना मंत्री झाल्यावर सुचलेला नव्हता. १९१८ साली छोट्या शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधातही त्यांनी हेच मांडलं होतं, की जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे. १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड निघालं आणि १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांचा केंद्रीय आयोग. आजचा केंद्रीय जल आयोग, ज्याच्या परीक्षेची तयारी आपल्या सिव्हिलच्या निम्म्या पोरांची चाललेली असते, तो त्याच आयोगाचा वारस.

१९४३ च्या पुरात दामोदर नदीने बंगालमध्ये हाहाकार केला. त्यानंतर अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करायचं ठरलं. पूरनियंत्रण, सिंचन, वीज, सगळं एकाच योजनेत. पुढे १९४८ ला कायदा होऊन दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं. ओरिसात महानदीचा प्रश्न होता. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी तिथल्या जुन्या पूर समित्यांची दृष्टीच चुकीची ठरवली. पाणी जास्त झालं म्हणून ते समुद्रात लवकर कसं घालवायचं, एवढाच विचार त्या समित्या करत होत्या. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की पाणी ही संपत्ती आहे, माणसाला जास्त पाण्यापेक्षा कमी पाणी अधिक मारतं, तेव्हा ते साठवा, त्यातून वीज काढा, शेती भिजवा. त्याच विचारातून हिराकुड उभं राहिलं. १३ जानेवारी १९५७ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा बाबासाहेबांना जाऊन सव्वा महिना झाला होता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आजकाल मोबाईलवर अशी पत्रकं फिरतात की अमुक धरण, तमुक बँक, देशाची सगळी वीज, सगळं एकट्या बाबासाहेबांनी केलं. तसं नाही. डिझाइन इंजिनिअरांनी केलं, अ. ना. खोसलांसारखी मोठी माणसं त्यात होती, पैसा आणि निर्णय अनेकांचे होते. बाबासाहेबांचं काम धोरणाचं आणि संस्था उभ्या करण्याचं. ते आहे तेवढंच इतकं मोठं आहे की त्याला फुगवायची गरज नाही. फुगवलं की समोरचा एक चूक पकडतो आणि सगळंच खोटं ठरवून मोकळा होतो.

आणखी एक. १९४६ च्या कायद्याने कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून त्यांनीच मांडलं होतं. उद्या आपण हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीला शिफ्टला लागू, तेव्हा हूटर वाजल्यावर घरी जायचा जो हक्क असेल, तो कोणत्या कॅटेगरीचा असेल? ओपनवाल्याला ५४ तास आणि बाकीच्यांना ४८, असं तर होणार नाही ना?

माझं म्हणणं इथेच आहे. बाबासाहेबांचा वारसा आपण सगळे वापरतो. खोलीतला दिवा लावताना वापरतो, नोकरीत वापरू, मत देताना वापरतो. पण त्या वारशाचा हिशोब मात्र आपण वर्गातल्या मोजक्याच पोरांना मागतो. वारसा सगळ्यांचा आणि ओझं काहींचंच, हा कुठला न्याय?

ते ओझं कसं टाकलं जातं ते हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. पहिल्या रात्री. "कुठचा बे तू?" इथपर्यंत ठीक. मग "पूर्ण नाव सांग." आडनावावरून अंदाज नाही आला तर "रँक किती?" आणि शेवटी हसत हसत "कोणत्या राउंडला लागला बे, कॅटेगरी कोणती?" त्या रात्री माझ्या रूममेटला हा प्रश्न मीच विचारला होता. रॅगिंग म्हणून नाही, सहज. मला सगळ्यांनी विचारलं म्हणून मी त्याला विचारलं. माझं ॲडमिशन ओपनमधून होतं, त्यामुळे उत्तर देताना माझं काही गेलं नव्हतं. त्याने हळू आवाजात सांगितलं आणि चादर ओढून झोपला. तो फोटो कपाटाच्या आत गेला तो बहुतेक त्याच रात्री. म्हणजे तो मीच आत घातला.

पुढे वाचताना मला बडोद्याचा प्रसंग सापडला आणि मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले. एवढा शिकलेला माणूस, पण गावात राहायला खोली मिळेना. शेवटी नाव बदलून पारशी म्हणून एका धर्मशाळेत राहिले. काही दिवसांनी लोकांना कळलं, काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. ज्याला खोली मिळवण्यासाठी नाव लपवावं लागलं, त्याचाच फोटो शंभर वर्षांनी, त्याने दीक्षेसाठी निवडलेल्या शहरात, एक पोरगा खोलीत लपवून ठेवतो. प्रगती झालीच. आता खोली मिळते. पण तेवढ्यावर समाधान मानायचं का?

आणि म्हणूनच, मला वाटतं, बाबासाहेबांनी सुरुवातीलाच जे हाती घेतलं त्यात होतं हॉस्टेल. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या आरंभी तिने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. पोराला शाळेत घालून भागत नाही, त्याला राहायला जागा, जेवायला ताट आणि दिव्याखाली बसायला कोपरा लागतो, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने कळलं होतं. मॅट्रिकच्या पुढची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ ला सुरू झाली तेव्हा ते सरकारातच होते. आपल्या वर्गात आजही नोटीस येते आणि मोठ्याने पुकारा होतो, "स्कॉलरशिपवाले उभे राहा!" दहा-बारा पोरं उभी राहतात, खाली मान घालून. बाकीचे मागे वळून मोजतात. पुकारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. माझ्याही मनात नव्हतं.

"मग मेरिटचं काय?" असं आता कोणीतरी म्हणणारच. हा प्रश्न मी टाळणार नाही. माझ्या एका जवळच्या मित्राची कॉम्प्युटर ब्रँच थोडक्यात हुकली, त्याचं दुःख खरं आहे. पण त्याच्याच बाजूला मॅनेजमेंट कोट्यातून आलेला बसतो, त्याला कोणी मेरिट विचारत नाही. २०१९ पासून खुल्या वर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के जागा आहेत, आणि त्या असाव्यात. त्यातून आलेल्याला "कॅटेगरीवाला" म्हणून हिणवलेलं मी ऐकलेलं नाही. म्हणजे राग सवलतीवर नाही, तो दुसऱ्याच कशावर तरी आहे. आणि ॲडमिशन झाल्यावर सगळ्यांना पेपर एकच असतो. एम-थ्रीमध्ये पासिंगला लागणारे मार्क जात बघून कमी होत नाहीत. आरक्षण किती, कोणाला, किती काळ, यावर जरूर वाद घालू या, दिवसा, समोरासमोर. पण रात्री अकरा वाजता नव्या पोराला घेरून विचारलेला प्रश्न म्हणजे धोरणावरची चर्चा नव्हे.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर दोन नावं आठवा. हैदराबादचा रोहित वेमुला, जानेवारी २०१६. मुंबईची डॉ. पायल तडवी, मे २०१९. दोघांच्या आयांनी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली, ती कॉलेजांमधला जातीवरचा भेदभाव थांबावा म्हणून. कॉलेजमधून लेकरू परत आलं नाही, अशा दोन आया. त्यानंतरही "पण आमच्याकडे असलं काही नाही" असं म्हणणं मला जमत नाही.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. रूममेट म्हणाला, गावाला चाललो. त्याचं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीकडे. मी दुपारी सहज दीक्षाभूमीकडे गेलो, खरं तर स्तूप बघायला. आमच्या सरांनी स्ट्रक्चर्स शिकवताना सांगितलं होतं, की हा घुमट आतून पोकळ आहे, १२० फूट व्यास आणि तितकीच उंची, शिओ दान मल यांचं डिझाइन, आणि २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचं उद्घाटन केलं. पण स्तूप राहिला बाजूला. मी पाहिली ती पुस्तकांची दुकानं. जत्रेत खेळणी विकावीत तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं! पायात चप्पल नसलेली माणसं पुस्तकं विकत घेत होती. आणि पाणी वाटपाच्या एका स्टॉलवर माझा रूममेट उभा होता, बाजूला त्याची आई आणि आजी.

त्याचा चेहरा उतरला. खोटं पकडलं गेल्यासारखा. आजी मात्र म्हणाली, "ये बाबू, पानी पे. हा तुह्या सोबत राह्यते काय?" तिच्या पिशवीत तीन पुस्तकं होती. मी विचारलं, आजी, वाचता येतं का तुम्हाला? ती हसली. "मले नाही येत. ह्याले येते ना!"

त्या संध्याकाळी परत येताना आम्ही पहिल्यांदा नीट बोललो. त्यांची शेती गोसीखुर्दच्या पाण्यात गेली. १९८८ ला पायाभरणी झालेला तो प्रकल्प, तीन दशकं उलटली तरी कालव्यांची कामं रेंगाळतच राहिली. तो म्हणाला, "मी सिव्हिल यासाठीच घेतलं बे. धरण वाईट नसते. पण ज्याचं घर जाते त्याले कोणी ड्रॉइंग दाखवत नाही." हिराकुडनेही एक लाखाहून जास्त माणसं उठवली, हे मला नंतर वाचून कळलं. पाणी ही संपत्ती, हे बाबासाहेबांनी सांगितलं. ती कोणाला मिळते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे आपण विचारायचं राहिलं. १ जुलै २०२४ ला खुद्द दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगचं काम लोकांनी बंद पाडलं आणि सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. स्तूपाला धक्का लागेल ही त्यांची भीती होती. तिथेही गोष्ट तीच. ज्यांची जागा, त्यांना आधी विचारायला हवं होतं.

मंडेलांकडे परत येतो. १९९४ ला ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या सरकारने गोऱ्यांच्या राजवटीने अंधारात ठेवलेल्या वस्त्यांमध्ये लाखो घरांना वीज जोडली. समता म्हणजे त्यांच्यासाठीही तार आणि खांब होते. पण पुढे नवीन वीजकेंद्रं वेळेवर उभी राहिली नाहीत आणि २००७ पासून त्याच देशाला लोडशेडिंगने गाठलं. विदर्भातल्या माणसाला लोडशेडिंग समजावून सांगायला नको. वारसा पोस्टरवर टिकत नाही, त्याचं मेंटेनन्स करावं लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून नुसतं बाबासाहेबांना भिंतीवर लावा, असं माझं म्हणणं नाही. एप्रिलमध्ये डीजे लावून एक दिवस नाचणं आणि वर्षभर एक पानही न वाचणं, हेही त्यांना आवडलं नसतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनीच बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हार घालणं सोपं आहे. त्यांना वाचणं आणि पटलं नाही तिथे वाद घालणं जास्त कठीण आहे.

मागण्या माझ्या साध्या आहेत. सीनियर मित्रांनो, यंदा नवीन बॅच येईल तेव्हा पहिल्या रात्री गाव विचारा, जेवला का विचारा, आडनाव आणि कॅटेगरी विचारू नका. सरांना आणि ऑफिसला नम्र विनंती, स्कॉलरशिपची यादी नावाऐवजी अर्ज क्रमांकाने लावा आणि वर्गातला पुकारा बंद करा. लायब्ररीत बाबासाहेबांचे पाणी आणि विजेवरचे लेख मिळावेत. राज्य सरकारने त्यांचं लेखन आणि भाषणं खंड काढून छापलेली आहेत, महागही नाहीत.

आणि तो फोटो? अजून कपाटाच्या आतच आहे. मी म्हटलं, बाहेर लाव ना बे आता. तो म्हणाला, "लावीन. नवीन पोरं येऊ दे, मग पाहू." त्याला माझ्यावर विश्वास आहे, हॉस्टेलवर अजून नाही. तो फोटो बाहेर येणं त्याच्या हिमतीवर अवलंबून नाही, मित्रांनो. आपल्यावर आहे.